बाबांच्या कानाजोगता तंबोरा

दिवाळीला आलेल्या जवळपास प्रत्येक पाहुण्याने माडीवरची ती खोली पाहून एकच प्रश्न विचारला, "हे टेलिफोन एक्स्चेंज कशाचं?" आणि जिना उतरताना दुसरा, जरा हळू आवाजात, "किती गेले याच्यात?" दुसऱ्याचं उत्तर मी इथेही देणार नाही (आमची ही वाचते). पहिल्याचं मात्र नागपूरच्या मामांना आणि पुण्याच्या आत्याला कबूल करून बसलोय. फोनवर सांगायला गेलो की पाचव्या मिनिटाला "बरं, आईला दे" होतं. म्हणून हे सविस्तर.

टेलिफोन एक्स्चेंज म्हणणारे तसे फार दूर नाहीत. जुन्या एक्स्चेंजमध्ये बाई एका भोकातून दुसऱ्या भोकात वायर खुपसून फोन जोडून द्यायची, तसंच इथे करायचं असतं. या यंत्राला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. पेटीत सूर आधीच बसवलेले असतात, पट्टी दाबली की सूर येतो. यात काहीच बसवलेलं नसतं. एक लाकडी चौकट (आमची सागवानी, लाकूड परतवाड्याचं, गावातल्याच सुताराने केलेली), आणि तिच्यात शेजारी शेजारी बसवलेले खण. एक खण नुसता सूर काढतो, तो ऑसिलेटर. दुसरा त्या सुरातला काही भाग गाळून टाकतो, तो फिल्टर. तिसरा आवाज कसा उठायचा आणि कसा मावळायचा ते ठरवतो. चौथा नुसताच टप्पे मोजतो, एक-दोन-तीन-चार. कोणताही खण दुसऱ्याला जोडलेला नसतो. वायर लावाल तसं ते वागतं. वायरी काढल्या की तो आवाज गेला, उद्या परत हवा असेल तर वहीत आकृती काढून ठेवा आणि पुन्हा खटपट करा. बटण दाबून काही साठवायची सोय नाही.

आता असलं अडचणीचं यंत्र कुणी का करावं? १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेत दोन माणसांनी ते वेगवेगळं केलं, न्यूयॉर्क राज्यात बॉब मूग यांनी आणि कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांनी. त्या काळी ते भिंतभर असायचं आणि घेणारेही विद्यापीठं, स्टुडिओ असेच. पुढे १९९० च्या दशकात जर्मनीतल्या डीटर डोपफर यांनी छोट्या मापाचे खण काढले, ते माप इतरांनीही उचललं, आणि एकेक खण करत जमवणं माझ्यासारख्याला शक्य झालं. काही खण मी तयार घेतले, काही सुटे भाग मागवून रात्री डाग देत (आमच्याकडे सोल्डरिंगला डाग देणंच म्हणतात) बसून जोडले. खरं सांगायचं तर या छंदातले निम्मे लोक वाजवण्यापेक्षा फोटोच जास्त काढतात. दिवे लुकलुकतात, छान दिसतं.

आणि हे आपल्याकडे नवंही नाही. अमदावादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली मूग यांचा मॉड्युलर सिंथेसायझर आला. डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने तो तिथे बसवून दिला, शिकवला. त्यामागे गीता साराभाई होत्या, स्वतः पखवाज वाजवणाऱ्या. याच गीताबेननी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकाराला हिंदुस्थानी संगीत शिकवलं होतं आणि बदल्यात त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या होत्या. अमदावादच्या त्या खोलीत १९७२ पर्यंत काही मोजक्या लोकांनी टेपवर काम केलं: गीताबेन स्वतः, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा. मग ते थांबलं आणि रिळं कपाटात गेली. पन्नासएक वर्षं कुणाला पत्ता नाही! लंडनच्या पॉल पुरगस यांनी ती शोधून काढली आणि २०२३ साली त्यातलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. ते आलं तेव्हा मी सलग तीन रात्री ऐकलं. त्यातल्या माथुरांच्या एका रचनेचं नाव आहे 'वन्स आय प्लेड अ तानपुरा'. एकेकाळी मी तंबोरा वाजवायचो. नाव वाचूनच जरा थबकलो, कारण नेमकं तेच वाक्य त्या दिवसांत आमच्या घरात, दुसऱ्या शब्दांत, रोज बोललं जात होतं.

आमच्या घरी तंबोरा आहे हे तुम्हा नातेवाइकांना माहीतच आहे. बाबांनी मास्तरकीच्या पहिल्या काही वर्षांतल्या पगारातून मिरजेहून आणलेला. मिरजेतल्या त्या गल्लीचं आणि पंढरपूरकडून येणाऱ्या भोपळ्यांचं वर्णन आपण सगळ्यांनी किमान वीस वेळा ऐकलंय. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी ती बातमी कापून गवसणीच्या खिशात ठेवली.) वलगावात गाणं म्हणजे भजन. पेढीच्या काठावर गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवला, त्यामुळे डिसेंबर आला की गावात कीर्तन-भजनाची हवा असतेच, आणि तिकडे मोझरीचे तुकडोजी महाराज, त्यांची खंजिरी. बाबा या सगळ्यांत गायचे, पेटी धरायचे, पण पहाटे घरी बसायचे ते तंबोरा घेऊनच. काळी एक. दारं लावलेली, आणि त्या अर्ध्या तासात चहासुद्धा मागायचे नाहीत.

चार-पाच वर्षांपूर्वी बाबा "काय?" जास्त वेळा म्हणायला लागले. आधी आम्हाला वाटलं लक्ष नसतं. मग लक्षात आलं की त्यांना आवाज येतो, शब्द येत नाहीत. आई म्हणाली 'साखर', त्यांनी ऐकलं 'आखर'. स, श, फ असली अक्षरं उंच आवाजाची असतात, ती आधी जातात. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते, तिच्या दाराशीच उंच आवाज टिपणाऱ्या पेशी असतात आणि वयाबरोबर आधी त्याच झिजतात. खोल आतल्या, खालच्या आवाजाच्या पेशी त्यामानाने टिकतात. अमरावतीला तपासणी केली. कागदावरची रेघ डावीकडे, म्हणजे ५०० हर्ट्झपर्यंत, बरी होती. १००० च्या पुढे कलायला लागली आणि २००० नंतर सरळ विहिरीत उतरल्यासारखी खाली.

तो कागद पाहून मला कळलं की बाबा गाताना का उतरायला लागलेत.

तंबोऱ्याचा सूर म्हणजे नुसती तार नव्हे. घोडी रुंद असते, तिचा माथा किंचित वाकडा घासलेला असतो, तार तिला चाटत थरथरते. तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. जीव नेमक्या जागी आला की जवारी खुलते आणि एका तारेतून वरचे पंधरा-वीस उपस्वर फुलत फुलत बाहेर येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर उमटू नये, असा युरोपातला नियम. तंबोऱ्याची आणि वीण्याची घोडी तो नियम पाळत नाही, हे त्यांनी दाखवलं. आता हिशेब करा. काळी एकचा जोड साधारण १३९ हर्ट्झवर वाजतो. त्याचा आठवा उपस्वर ११०० च्या पुढे, सोळावा २२०० च्या पुढे. म्हणजे तंबोऱ्यातलं जे तेज, ज्याच्यावर गाणारा आपला सूर घासून बघतो, ते सगळं बाबांच्या रेघेच्या विहिरीत. त्यांच्यापर्यंत पोचत होता तो तारेचा ठोका आणि मागे थोडी गुणगुण.

कानाचं मशीन घेतलं. शब्दांसाठी ते फार उपयोगी पडलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तंबोरा लावला की बाबा ते काढून ठेवायचे. म्हणायचे, "येते आन् पळते." नंतर कळलं की ही मशीनं बोलण्यासाठी बनवलेली असतात. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा शिट्टी असं समजून ती तो दाबतात. तंबोऱ्याइतका एकसारखा आवाज दुसरा कोणता! त्यांच्यात संगीतासाठी वेगळी मांडणी असते, ती करून घेतल्यावर पळणं थांबलं, पण तेज काही आलं नाही. मोबाइलमधला तंबोरा लावून पाहिला. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, आणि वरचे बाबांना येत नाहीत. म्हणजे आम्हाला छान वाजणारा तो तंबोरा त्यांच्यासाठी जवळजवळ बंदच. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला तेव्हापासून लाखो गाणाऱ्यांची सोय झाली असेल, पण तसला डबाही आम्ही मागून आणून पाहिला, तरी इथे निभेना. पेटीचा षड्ज धरून बसावं तर पेटी इतकी जवळ आणि इतकी दाट वाजते की स्वतःचा गळा तिच्यात बुडतो. शिवाय स्वतःचा आवाज कवटीतून आत येतो, तो बाबांना भरपूर ऐकू येतो. बाहेरचा सूर पातळ, आतला ठणठणीत. मग माणूस आपल्याच सुराच्या मागे जातो.

एका गुरुवारी भजनात बाजूच्या काकांनी बाबांच्या मांडीवर हलकेच हात ठेवला. बस्स, तेवढंच. काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून बाबा मंडळात टाळ धरू लागले आणि घरच्या तंबोऱ्यावर गवसणी चढली. आईने दोनदा विचारलं तर म्हणाले, "मले सूर दिसतच नाही, तं धरू काय?"

माझं माडीवरचं प्रकरण तोवर चालू होतंच, आणि बाबांचं त्याच्याबद्दलचं मत "कायले भुंगा आणून ठेवला रे" इतपतच होतं. मी तेव्हा वेगळंच काहीतरी करत होतो, पुलाखालून वाहणाऱ्या पाण्यासारखे आवाज वगैरे. त्या कागदावरची रेघ पाहिल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यात बसली. तंबोऱ्याचं तेज २००० वर असतं, कारण तारेचा आणि घोडीचा स्वभाव तसा. माझ्या यंत्राला स्वभावच नाही. तिथे तेज कुठे ठेवायचं ते मी ठरवणार. मग ते ३०० ते ९०० च्या मध्ये का ठेवू नये?

चार तारा, म्हणून चार ऑसिलेटर: पंचम, दोन जोड, एक खर्ज. टप्पे मोजणारा खण पंचमापासून खर्जापर्यंत एकेकाला उठवतो, सावकाश. जोडाच्या दोन ऑसिलेटरमध्ये केसाइतका फरक ठेवला, म्हणजे दोन तारांमध्ये असतो तसा मंद हेलकावा येतो. त्यानंतर फिल्टर. तार छेडल्यावर जवारी एकदम येत नाही. ती उमलते, थोडी फिरते आणि मिटते. फिल्टरचा डोळा त्याच चालीने उघडायचा आणि मिटायचा, फक्त खालच्या मजल्यावर. त्याला थोडी धार दिली की जिथे डोळा असतो तिथला उपस्वर पुढे येतो. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. गंधार ऐकू येतो तो पाचवा, जोडाच्या तारेवर सातशेच्या जरा खाली. तो बाबांच्या रेघेत बसत होता. आवाज वाढवत नेणं हा यातला उपाय नव्हे, उरलेल्या कानालाही त्याने इजा होते. आवाज साधाच ठेवायचा, जागा बदलायची.

पुण्याच्या भाच्याने विचारलं होतं की हे कॉम्प्युटरवर झालं नसतं का. झालं असतं, बहुतेक अर्ध्या पैशात. पण त्याचं उत्तर पुढे आहे.

एक मोठा स्पीकर मी बाबांच्या लाकडी दिवाणाच्या पाट्यालाच टेकवून ठेवला. खर्ज ६९ हर्ट्झचा, तो कानाइतकाच बुडाखाली कळतो. बाबांना वर बोलावलं. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत आले, बसले. मी चालू केलं. दोन-तीन आवर्तनं ते नुसते समोरच्या दिव्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वाजून राह्यलं, पण कोंदट हाय." मी फिल्टरचं बटण जरा फिरवलं. "लय झालं." परत मागे. "अं हं." असं पाच-सात वेळा झाल्यावर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि बटण स्वतः धरलं.

तंबोऱ्याचा जीव सरकवताना त्यांची जी बोटं मी लहानपणापासून पाहिली आहेत, अंगठा आणि तर्जनी, जवळजवळ न हलणारी, तीच ती बोटं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कुठेतरी गंधार उभा राहिला. मला तो आवाज जाडाभरडा वाटत होता, गुळाच्या ढेपेसारखा. त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "हाव. इथंच ठेव." मग जरा थांबून, "हा तंबोरा नाही. पण सूर हाय."

गायले मात्र नाहीत त्या दिवशी. चौथ्या दिवशी गायले, मी ऑफिसला गेल्यावर. आईने सांगितलं.

भाच्याचं उत्तर ते हे. माउस धरून बाबांनी जीव सरकवला असता असं मला वाटत नाही.

आता आपल्या वऱ्हाडाची करामत ऐका. या यंत्रातल्या ऑसिलेटरला एका व्होल्टला एक सप्तक असा हिशेब असतो, आणि तो हिशेब करणारा ट्रान्झिस्टर गरमीने बदलतो. एका अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आधाराच्या सुरापासून तीन सप्तकं लांब असलेला सूर त्यामुळे एका अंशाला बारा सेंट सरकतो, आणि शंभर सेंट म्हणजे एक अख्खी पट्टी. बनवणारे त्यावर उतारा म्हणून उलट्या दिशेने बदलणारा एक रेझिस्टर घालतात. तो पुष्कळसं सावरतो. पण ही यंत्रं जिथे बनतात तिथल्या लोकांनी मे महिन्यातली आमची माडी पाहिलेली नाही! वर टीन, बाहेर पंचेचाळीस. कूलर लावावा तर त्याच्या घरघरीत खर्ज ऐकू येत नाही आणि दमटपणाने जोडण्या हिरव्या पडतात. कूलर बंद ठेवावा तर अर्ध्या तासात जोडाच्या दोन तारांचं भांडण सुरू. त्यात लाईन गेली की इन्व्हर्टरची गुणगुण फुकटात.

पण इथे एक गंमत झाली. सुराची ही घसरण मला उशिरा कळते, बाबांना आधी. ज्या पट्ट्यात त्यांचा कान शाबूत आहे तिथे तो भलताच शाबूत आहे. मी खाली जेवत असतो आणि वरून आवाज येतो, "अरे, पंचम उतरला पाय!" मी मीटर लावून बघतो तर सहा सेंट. त्यामुळे उन्हाळाभर आमची वाटणी ठरलेली होती: उतरला की सांगायचं काम त्यांचं, जिने चढून बटण फिरवायचं माझं. नंतर तेही त्यांनी स्वतःकडे घेतलं, फक्त खर्जाचं बटण वरच्या रांगेत आहे म्हणून त्याला मी लागतो.

मंडळात ते अजूनही टाळच धरतात. यंत्र तिकडे नेता येत नाही, आणि नेलं असतं तरी तिथल्या गलबल्यात त्याचा उपयोग नाही. येत्या २० डिसेंबरला काकांनी एक अभंग म्हणायचा आग्रह केलाय, बाबांनी हो-नाही काही सांगितलेलं नाही. मिरजेचा तंबोरा गवसणीतच आहे. तारा सैल करून ठेवल्या आहेत, भोपळ्यावर ताण नको म्हणून. महिन्यातून एकदा ते गवसणी काढून पुसतात आणि परत घालतात. त्यावर मी काही बोलत नाही.

माझी अडचण वेगळीच झालीय. वर सांगितलं तसं, वायरी काढल्या की आवाज गेला. चौदा महिने झाले, त्या वायरींना कुणी हात लावलेला नाही. चार ऑसिलेटर, एक फिल्टर, टप्प्यांचा खण, सगळे तिथेच अडकले आहेत, आणि बाबांनी फिल्टरच्या बटणावर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका देऊन ठेवलाय. माझ्या वाट्याला उरलेत तीन खण आणि एक ऑसिलेटर. त्यात काय करता येईल ते रात्री बघतो. (आणखी दोन घ्यावेत असा विचार आहे. आमच्या हिने हे वाक्य वगळून वाचावं.)

थंडीत भांडण कमी असतं, पण यंत्र गार असताना चालू केलं तर स्थिर व्हायला अर्धा तास घेतं. बाबा पाचला बसतात. म्हणून सध्या माझा गजर साडेचारचा आहे.